काट्यावरचा प्रोग्राम

फुकट शिकवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसायला दोन वर्षं लागली, आणि तोही पुरता बसला असं छातीठोक सांगणार नाही. गोंदियात आयुष्य काढलेल्या माणसाला फुकट म्हटलं की आधी खिसा चाचपावासा वाटतो. फुकट दंतमंजन वाटणारा जाताना ब्रश विकून जातो, फुकट डोळे तपासणारा चष्मा गळ्यात मारतो. मग सातासमुद्रापलीकडचा कोण एक मास्तर, ज्याने मला पाहिलं नाही की माझं नाव ऐकलं नाही, तो मला कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग पहिल्या धड्यापासून फुकट का शिकवतो? हा प्रश्न मी स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेच्या मालकाला विचारला होता. तो म्हणाला, "अंकल, सीखना है तो सीखो, टाइम चालू है आपका."

पण आधी माझा धंदा सांगतो. एका राइस मिलच्या धर्मकाट्यावर मी वीसेक वर्षं बसलो. धर्मकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा तराजू. भरलेली गाडी त्यावर उभी करायची, वजन घ्यायचं. गाडी आत जाऊन धान उतरवते आणि परत येते, तेव्हा रिकामीचं वजन घ्यायचं. त्याला आम्ही खाली वजन म्हणतो. पहिल्यातून दुसरं वजा केलं की राहिलं ते धान. दुसरीतल्या लेकराला जमेल असं काम. पण या एवढ्याशा वजाबाकीत लबाडीला किती जागा आहे, ते केबिनमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. धान विकणाऱ्याला भरलेली गाडी जड हवी असते आणि रिकामी हलकी. कुणी खाली वजनाच्या वेळी मागचं चाक चार बोटं काट्याबाहेर ठेवतो. कुणी स्टेपनी काढून आतल्या कुंपणाशी टेकवून येतो. एका ट्रकचा क्लीनर भरती वजनाच्या वेळी नेमका सीटवर झोपलेला असायचा आणि खाली वजनाच्या वेळी चहाला गेलेला. मी ड्रायव्हरला विचारलं, याला झोप नेहमी भरतीच्याच वेळी कशी येते? तर म्हणतो, "काटे पे हवा अच्छी लगती है, बाबूजी."

अशी वीस वर्षं बसून माणसाचा स्वभाव बिघडतो. दारावर भाजीवाली तराजू धरी तेव्हा मी तिची बोटं पाहत असे. बायको म्हणायची, "चार वांगे हायेत, ट्रक नाही हाये."

२००५च्या आसपास सेठजींनी केबिनमध्ये कॉम्प्युटर बसवला. काट्याच्या कंपनीचा प्रोग्राम त्यात होता. तो दोन आकडे घेई, वजाबाकी करी आणि पावती छापी. कालचं त्याला आज आठवत नसे. मला मात्र वाटे, याने प्रत्येक गाडीचं मागचं खाली वजन लक्षात ठेवावं आणि आज ते कमी भरलं तर ओरडावं. कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, नागपूरहून बनवून घ्यावं लागेल, आणि आकडा सांगितला. सेठजींनी तो ऐकला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तेरी आँखें किसलिए हैं?"

तिथून माझं शिकणं सुरू झालं. रविवारी कुडव्याच्या घरून सायकलने कॅफेत जायचं, धड्यांची पानं पेन ड्राइव्हवर साठवायची आणि आठवडाभर केबिनमध्ये वाचायची. पावसाळ्यात मिलला धान येत नाही, काटा ओस पडलेला असतो. ते चार महिने माझी शाळा. इंग्रजी बारावीपुरतं, म्हणून शेजारी डिक्शनरी. पहिल्याच पानावर त्या साइटने नाव आणि ईमेल मागितला. मी माझ्या साळ्याचं नाव टाकलं. आजही त्या साइटच्या लेखी प्रोग्रामिंग शिकला तो माझा साळा, जो तिरोड्याला सायकलचं दुकान चालवतो.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना सांगतो, प्रोग्राम लिहिणं म्हणजे यंत्राला हुकूम लिहून देणं. अमुक आकडा घे, तमुक आकड्याशी ताडून पाहा, कमी असला तर हे कर, नसला तर ते कर. यंत्र 'काऊन?', म्हणजे 'का म्हणून?', असं कधी विचारत नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. माणसाला चुकीचं काम सांगितलं तर तो निदान तोंड वाकडं करतो.

एकदा एका जागी अकरा दिवस अडलो. साइटवरच्या प्रश्नांच्या पानावर मोडक्या इंग्रजीत विचारलं. चहा घेऊन येईपर्यंत उत्तर हजर. कुणीतरी माझी चूक दाखवली होती, दुरुस्त करून दिली होती, वर लिहिलं होतं की छान चाललंय, सोडू नका. मी ते तीनदा वाचलं. याला काय पाहिजे ते कुठं दिसेना. मग पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि पान बंद करून टाकलं.

सहाव्या की सातव्या धड्यात मास्तरांनी एक गोष्ट बजावली होती. नोंदी ठेवायच्या तर प्रत्येक वस्तूला अशी एक खूण हवी, जी दुसऱ्या कशाचीच नसेल. त्यांचं उदाहरण वाचनालयाचं होतं, पुस्तकाला नंबर आणि सभासदाला नंबर. मला हे एकदम पटलं. माझ्याकडे तर खूण तयारच होती. गाडीची नंबर प्लेट. खुद्द सरकारने करून दिलेली.

तिसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस प्रोग्राम उभा राहिला. सेठजींना दाखवला. त्यांनी विचारलं, "कौन से क्लास में गया था?" मी म्हणालो, क्लास नाही, नेटवर शिकलो, फ्रीमध्ये. त्यांचा चेहरा पडला. "फ्री का सीखा हुआ मेरे काटे पे चलाएगा?" माझा संशय मला समोरून ऐकू आला आणि राग आला. पण दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात एका ट्रकच्या खाली वजनाला प्रोग्रामने बीप केलं. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर मागचं चाक अर्धं काट्याबाहेर. ड्रायव्हरने कान पकडले. सेठजींनी केबिनमध्ये येऊन स्क्रीनवर थाप मारली, जणू बैलाच्या पाठीवर मारावी. त्या दिवसापासून मिलमध्ये मी 'पटले बाबू'चा 'पटले सर' झालो. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

आता सुखराम टेंभरे यांच्याबद्दल सांगायचं. ते माझ्या सासुरवाडीचे, गोरेगावकडच्या एका गावचे. बायकोचे सख्खे काका नव्हेत, पण ती त्यांना काकाच म्हणते, आणि गावचा जावई म्हणून ते मला जवाईबापू म्हणत. त्यांच्याकडे स्वतःचं धान थोडंच. पोट चालायचं ते ट्रॅक्टरच्या भाड्यावर. गावातले आठ-दहा शेतकरी आपलं धान त्यांच्या हवाली करत. ते एकटेच घेऊन येत, काटा करून घेत, पावती नेऊन ज्याच्या त्याच्या हातात देत. शेतकरी सोबत येत नसत. सुखरामकाका गेले म्हणजे आपण गेलो, असा हिशेब. या विश्वासावरच त्यांचा ट्रॅक्टर चालत होता, डिझेल नंतर.

डिसेंबरात एका दुपारी त्यांच्या ट्रॅक्टरच्या खाली वजनाला बीप झालं. मागच्या खेपेपेक्षा दोन क्विंटल साठ किलो कमी. मी केबिनमधून उतरलो, चाकं पाहिली, सगळी काट्यावर. टूलबॉक्स जागेवर. ते सीटवरूनच म्हणाले, "काय झालं जवाईबापू?" मी म्हणालो, "काही नाही, या." आणि पावती दिली.

इथं कुणाही सरळ माणसाला वाटलं असतं की काही सापडलं नाही म्हणजे काही नाही. मला वाटलं, काही सापडलं नाही म्हणजे युक्ती नवी आहे. पुढच्या दहा-बारा दिवसांत ते आणखी दोनदा आले. प्रोग्राम माझ्याच सांगण्यावरून पहिलंच, सगळ्यात जड खाली वजन प्रमाण मानत होता. दोन्ही वेळा बीप. दोन्ही वेळा तेवढाच फरक, पाच-दहा किलो इकडे-तिकडे. एकदा तर मी आतल्या हमालाला सांगून ठेवलं, याच्यावर नजर ठेव. हमाल म्हणाला, "बुढ़ा तो पेड़ के नीचे बैठ के भाकर खाता है, और कुछ नहीं करता." मला तेही संशयास्पद वाटलं. भाकर खायला झाडाखालीच कशाला?

तीन नोंदींचा कागद छापून मी सेठजींपुढे ठेवला. त्यांनी एकच विचारलं, "ये तू बोल रहा है कि मशीन?"

"मशीन," मी म्हणालो.

"फिर ठीक है."

पुढच्या खेपेला सुखरामकाकांचा ट्रॅक्टर गेटवर अडवला. मागे पंधरा-वीस गाड्यांची रांग, त्यात त्यांच्याच गावच्या दोन. सेठजींनी मला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगायला लावलं. लावलं असं म्हणतो, पण मी काही मागे हटलो नाही. मी म्हणालो, "तीन खेपांपासून तुमच्या खाली वजनात घोळ आहे. मिल आता तुमची गाडी घेणार नाही."

ते ट्रॅक्टरवरून खाली उतरले. डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. "जवाईबापू, मी काय केलो ते तं सांगा."

"ते तुम्हाला माहीत. मशीन सांगून राहिली."

"मशीनले कोणं सांगतलन?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. सुखरामकाका परत वर चढले आणि दुसऱ्यांच्या धानाने भरलेली ट्रॉली वळवून घेऊन गेले.

आठवड्याभरात गावातलं धान दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने यायला लागलं. कुणी जुन्या पावत्या काढून बसला, म्हणे मागच्या साली आपलं धान एवढं कमी कसं भरलं. मिलला फसवणारा माणूस आपल्याला सोडील का, असं बोलणं सुरू झालं. हे सगळं मला बायकोने माहेराहून आल्यावर सांगितलं. आल्या आल्या नाही. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याची वाट पाहत उभा असताना ती म्हणाली, "काकाचा ट्रॅक्टर आंगणात उभा हाये. काकू मले पाहून घरात निंगून गेली."

मी म्हणालो, "मी मुद्दाम नाही केलं. वजन कमी होतं. दोन क्विंटल साठ किलो."

"कायचं वजन?"

"ट्रॅक्टर-ट्रॉलीचं. रिकाम्याचं."

तिने पोळी तव्यावरून उतरवली. "कोणती ट्राली होती?"

"कोणती म्हणजे?"

"काकाची मोठी ट्राली तं महिन्याभरापासून वेल्डिंगले पडली हाये, आस तुटला तिचा. ते धनलालभाऊची लहानी घेऊन जाऊन राहिले. गावात कोणालेही विचारा."

मी डबा न घेताच निघालो. मिलमध्ये गेलो आणि नोंदी उघडून पाहत बसलो. नंबर, तारीख, भरती, खाली. नंबर ट्रॅक्टरचा. आमच्या भागातल्या ट्रॉल्यांना नंबर प्लेट नसते. ट्रॉली ही ट्रॅक्टरची नसतेच मुळी. ती गावाची असते. आज याच्यामागे, उद्या त्याच्यामागे. कुणाची मोठी, कुणाची लहान, कुणाची नुसती लोखंडाची, कुणाची फळ्यांची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाची वरात तीन मागून आणलेल्या ट्रॉल्यांतून गेली होती. पण धडा वाचताना मी वाचनालयाच्या पुस्तकांकडे पाहत होतो, गावाकडे पाहिलंच नाही. मास्तरांनी खरी खूण शोध म्हणून सांगितलं होतं. कोणती ते मी ठरवलं, म्हणून चूक माझी. वजाबाकीत सुखरामकाकांकडून कुणाचंच छटाकभर इकडचं तिकडे झालं नव्हतं. ज्या ट्रॉलीत धान आलं तीच रिकामी परत जात होती. त्यांची प्रत्येक पावती अगदी बरोबर होती.

त्याच सकाळी मोटरसायकल मागून घेऊन मी गावात गेलो. वेल्डिंगच्या दुकानाबाहेर मोठी ट्रॉली आडवी पडलेली होती. मी सुखरामकाकांच्या अंगणात पाय ठेवला. त्यांनी मला पाहिलं, आत आवाज दिला, आणि पाय धुवायला पाणी आलं. खाट टाकली, चहा आला. गावच्या जावयाला उभ्याने परत पाठवत नाहीत. त्या चहाइतकं कडू मी काही प्यालेलो नाही, साखर भरपूर होती तरी.

मी सगळं सांगितलं. खूण, नंबर, ट्रॉली. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी चोर नाही, हे तुमाले आता समजलं."

"हो काका. मी आजच सेठजींना सांगतो. उद्यापासून तुमची गाडी घेतील."

"सेठले मंग सांगा. तुमी गेटवर बोलले होते, सगळ्यायसमोर. गेटवरच सांगा. तवा मी येईन."

मी हो म्हणालो. आणि आता जे लिहितो ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी आठ दिवस गेटवर काही बोललो नाही. प्रोग्राम अर्ध्या तासात सुधारला. लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीवर नंबर घालायला लागलो. लोक विचारत, "हा नंबर कायले जी? टॅक्स लागन का?" सेठजींना एवढंच सांगितलं की टेंभरेंचं वजन पुन्हा तपासलं, बरोबर निघालं, गाडी येऊ द्या. चूक माझ्या प्रोग्रामची होती हे म्हणवत नव्हतं. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही, फुकट शिकलेला माणूस. एकदा 'चुकलो' म्हटलं की पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, ही भीती. आणि आठही दिवस सुखरामकाकांचा ट्रॅक्टर अंगणात उभा होता, ऐन हंगामात.

नवव्या दिवशी बायकोने डबा हातात देताना नुसतं विचारलं, "सांगतलं का?" मी गेटवर गेलो. रांग लागलेली होती. त्यांच्या गावचे तिघे-चौघे होते, सेठजीही होते. मी मोठ्याने सांगितलं की सुखराम टेंभरेंच्या वजनात कधीच खोट नव्हती. प्रोग्राम मी लिहिला, चूक मी केली, त्यांचं नाव मी खराब केलं.

मला वाटलं होतं, सांगून मोकळा होईन. रांगेतला एक शेतकरी लगेच म्हणाला, "म्हणजे आमच्या पावत्याही अशाच का?" दुसरा म्हणाला, "माही मागच्या मंगळवारची काढा बरं." तासभर नुसता गोंधळ. सेठजींनी मला केबिनमध्ये नेलं आणि म्हणाले, "बोला था ना, फ्री का मत चला." त्यांनी माझा प्रोग्राम बंद करायला लावला. पुढच्या साली पुन्हा चालू केला, कारण चाकं पुन्हा काट्याबाहेर जायला लागली होती. सर मात्र मी पुन्हा झालो नाही.

सुखरामकाका दुसऱ्याच दिवशी धान घेऊन आले. गावाने हळूहळू त्यांना पुन्हा हवाली केलं, सगळ्यांनी नाही. दोन घरं तुटली ती तुटलीच. त्यांच्या मोठ्या ट्रॉलीला नवा आस बसला तेव्हा मी लाल रंगाचा डबा घेऊन गेलो. ते म्हणाले, "माह्या ट्रालीवर काही लिहू नका. मी दाखवत जाईन."

मी निवृत्त होईपर्यंत ते येत राहिले, सहा-सात हंगाम. दर खेपेला खाली वजनाच्या आधी ते ट्रॅक्टर बंद करत, खाली उतरत आणि केबिनच्या दाराशी उभे राहत. "या जवाईबापू, पाहून घ्या." मग मी उतरायचो. ते पुढे, मी मागे. चारही बाजूंनी ट्रॉली दाखवत, टूलबॉक्स उघडून दाखवत, सीट उचलून दाखवत. मागे रांग खोळंबलेली असे, हॉर्न वाजत. मी कितीदा म्हणालो, काका, राहू द्या आता. ते सीटचं फडकं उचलून धरत आणि मी वाकून पाहीपर्यंत तसेच धरून उभे राहत.